भाषेचे नटबोल्ट : आठ दिवसांचा आठवडा

गेल्या अंकातल्या इंच-मिलिमीटरच्या भांडणावर बऱ्याच जणांनी कळवलं. त्यातल्या एका काकांनी फोनवर विचारलं, "तुम्ही तर जर्मन कंपनीत. त्या लोकांचं इंग्रजी अमेरिकन माणसाला कळतं तरी का हो?" काकांनी विचारलं थट्टेत, पण प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. म्हणून या खेपेला इंच राहू देत, वाक्यांकडे वळू.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंग, मग जर्मनीत श्टुटगार्टला मास्टर्स आणि लग्नानंतर जर्सी सिटी, असा माझा प्रवास. एका जर्मन यंत्र कंपनीच्या इथल्या कचेरीत मी काम करते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तिथेही मराठी वाचणारे दोघं आहेत! तिकडच्या कारखान्यातून मेल येते ती इंग्रजीतच असते. व्याकरणही बऱ्यापैकी ठीक असतं. आणि तरीही आमचा सेल्समधला माणूस ती माझ्याकडे पाठवतो आणि वर लिहितो, "हे जरा इंग्रजीत सांगशील का?"

जर्मन वाक्प्रचार म्हटलं की सगळ्यांना आधी गमतीचे आठवतात. "आता प्रश्न सॉसेजचा आहे" म्हणजे आता निर्णायक घडी आली. "तो मध्येच आपली मोहरी घालतो" म्हणजे कुणी विचारलेलं नसताना मत देतो. (आपणही फोडणी घालतोच की.) "ती माझी बिअर नाही" म्हणजे तो माझा विषय नाही. आणि माझं सगळ्यात आवडतं, "मला फक्त रेल्वे स्टेशन कळतंय", म्हणजे सगळं डोक्यावरून गेलं. हे वाक्य जर्नल स्क्वेअरहून पाथ गाडीनं जाणाऱ्या माणसाला ऐकवलं तर तो बिचारा म्हणेल, मलाही तेवढंच कळतं, पुढच्या गाडीचं सांगा!

ही वाक्यं शब्दशः इंग्रजीत आली तरी फारसं बिघडत नाही, हे माझं ठाम मत आहे. "इट इज अबाउट द सॉसेज" असं कुणी म्हटलं तर ऐकणारा थबकतो, हसतो, विचारतो. विचित्र वाक्य स्वतःच लाल दिवा लावतं.

अशा वाक्प्रचाराचं भाषांतर करायची माझी रीत साधी आहे. जर्मनमधून थेट इंग्रजीत उडी मारायची नाही. आधी विचारायचं, याच जागी, याच मीटिंगमध्ये आपला मराठी माणूस काय म्हणाला असता? जर्मन म्हणतो, "हे प्रकरण लांब बाकावर सरकवलंय." आपण म्हणू, भिजत घोंगडं ठेवलंय. मुद्दाम ठेवलं असेल तर बासनात गुंडाळलंय. लगेच कळतं की इथे बाकही महत्त्वाचा नाही आणि घोंगडंही नाही, महत्त्वाचा आहे तो टाळाटाळीचा वास. मग इंग्रजी आपोआप सुचतं : "ऑन द बॅक बर्नर". तसंच "चार डोळ्यांच्या आत बोलू". जर्मन डोळे मोजतो, आपण कान मोजतो. गोष्ट तिसऱ्याच्या कानावर गेली की षट्कर्णी झाली. हिशोब तोच, दोघांच्या पुढे जाऊ द्यायची नाही. इंग्रजीत "कॅन वी टॉक इन प्रायव्हेट?" बस. "डोकं असलेले खिळे करू या" हे तर इंजिनिअरचं वाक्य. बिनडोक्याचा खिळा म्हणजे अर्धवट काम. आपण म्हणतो, काय तो एक घाव दोन तुकडे करून टाका. इंग्रजीत "लेट्स नेल इट डाउन" म्हटलं की खिळासुद्धा वाया जात नाही.

सगळेच काही इतके निरुपद्रवी नसतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे वर्षाच्या उत्पादनाचा अंदाज चालला होता. हिशोबखात्यातल्या बाईंनी मांडलं की महिन्याला पाच यंत्रं, बारा महिने, झाली साठ. व्हिडिओवरून तिकडचे साहेब म्हणाले, "धिस इज अ मिल्कमेड कॅल्क्युलेशन." बाई लालबुंद झाल्या. सगळ्या पुरुषांसमोर आपल्याला गवळण म्हटलं, असा त्यांचा समज झाला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. साहेबांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही. त्यांच्या भाषेत 'मिल्शमेड्शेनरेश्नुंग' म्हणजे गवळणीचा हिशोब, म्हणजे भोळा हिशोब. सुट्ट्या, बिघाड, उशिरा येणारा माल, काहीही न धरता केलेला. तो बाईने केला की बाप्याने, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडे याच्या जवळची म्हण म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. अमेरिकन मीटिंगमध्ये इतकंच पुरतं : "आय डोन्ट थिंक द मॅथ वर्क्स."

मीटिंग संपल्यावर मी त्या बाईंना कॉफीला घेऊन गेले आणि ही गवळण कुठून आली ते सांगितलं. कारण ही मूळची आपलीच हो! पंचतंत्रातला तो ब्राह्मण आठवा. सातूच्या पिठाचा घडा खुंटीला टांगून खाली झोपलेला. दुष्काळ पडेल, पीठ विकू, शेळ्या घेऊ, मग गाई, म्हशी, घोड्या, घर, बायको, मुलगा सोमशर्मा, आणि शेवटी बायकोला लाथ मारायच्या भरात घडाच फुटतो. ही गोष्ट सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेली, आठव्या शतकात अरबीत, तिथून हिब्रू, तेराव्या शतकात लॅटिन, आणि १४८०च्या सुमाराला आंटोन फॉन प्फोरनं केलेलं पुस्तक जर्मनमध्ये छापून निघालं. वाटेत कुठेतरी पिठाचं दूध झालं आणि ब्राह्मणाची गवळण झाली. फ्रान्समध्ये ला फोंतेननं १६७८मध्ये तिला डोक्यावर दुधाचं भांडं देऊन कायमची अजरामर केली. मॅक्समुल्लरनं १८७०मध्ये या प्रवासावर एक सुंदर व्याख्यान दिलं होतं. पुण्यात ज्यांच्या नावाच्या 'भवना'त आपण जर्मन शिकायला जायचो, तेच हे मॅक्समुल्लर. बाईंचा राग गेला की नाही कोण जाणे, पण पुढच्या तिमाहीच्या तक्त्यात त्यांनी बिघाडासाठी एक रकाना घातला आणि त्याला नाव दिलं 'पॉट'.

उलटीकडूनही उदाहरण देते. "थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर" हे तुम्हा-आम्हाला अस्सल इंग्रजी वाटतं ना? ते जर्मन आहे. टोमास मुर्नेरच्या १५१२च्या पुस्तकात ते चित्रासकट सापडतं. इंग्रजीत ते कार्लाइलनं १८४९मध्ये एका लेखात वापरलं, आणि तेही जर्मनांचं म्हणून सांगून. फार काय, "लोनवर्ड" हा इंग्रजी शब्दसुद्धा जर्मन 'लेनवोर्ट'चं शब्दशः भाषांतर आहे. म्हणजे उसन्या शब्दाला नावही उसनंच.

आपल्या हडसन काउंटीला तर जर्मन काही नवं नाही. शेजारच्या होबोकेनला हॅम्बुर्ग-अमेरिकन आणि नॉर्थ जर्मन लॉइड या दोन मोठ्या जहाज कंपन्यांचे धक्के होते. हजारो जर्मन कुटुंबं तिथे उतरली आणि कित्येक तिथेच राहिली. मग पहिलं महायुद्ध आलं. लिबर्टी स्टेट पार्कात आपण जिथे सहलीला डबे उघडतो, त्याच्या एका टोकाला ब्लॅक टॉम नावाचा दारूगोळ्याचा धक्का होता. ३० जुलै १९१६च्या पहाटे तो जर्मन हस्तकांनी उडवला. स्वातंत्र्यदेवीच्या मशालीत चढून जाणं तेव्हापासून बंद झालं ते आजतागायत. नुकसानभरपाईचा खटला इतका लांबला (लांब बाक!) की तडजोड १९५३मध्ये झाली आणि शेवटचा हप्ता १९७९मध्ये पोचला. १९१७मध्ये अमेरिका युद्धात उतरली, होबोकेनचे धक्के सरकारनं ताब्यात घेतले, ठिकठिकाणच्या शाळांतून जर्मन गेलं, आणि आंबवलेल्या कोबीला, म्हणजे सावरक्राउटला, "लिबर्टी कॅबेज" म्हणायची टूम निघाली.

हे सांगायचं कारण असं की पूर्वी जर्मन वाक्प्रचार इंग्रजीत शेजारधर्मानं येत. बेकरीवाला जर्मन, पलीकडची काकू जर्मन. वाक्याबरोबर माणूस, त्याचा चेहरा, त्याचं हसणं यायचं. आता नुसतं वाक्य येतं, तेही जर्मनीतल्या सकाळी लिहिलेलं आणि आपण झोपेत असताना.

आणि आता खऱ्या धोक्याकडे येते. धोका विचित्र वाक्यांत नाही, साळसूद वाक्यांत आहे. शब्द इंग्रजी, व्याकरण बरोबर, अर्थही लागतो, फक्त तो लिहिणाऱ्याच्या मनातला नसतो. "यू विल हॅव द ड्रॉइंग अन्टिल फ्रायडे." अमेरिकन वाचतो, ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत माझ्याकडे राहील, मग परत द्यायचं. जर्मनाला म्हणायचंय, शुक्रवारपर्यंत तुम्हाला मिळेल. त्याचा 'बिस' दोन्ही कामं करतो. आता आपला 'पर्यंत' बघा. "शुक्रवारपर्यंत पाठवते" आणि "शुक्रवारपर्यंत थांबते", दोन्हीकडे एकच शब्द, अगदी त्यांच्यासारखा. म्हणून मला ते वाक्य वाचताना ठेच लागत नाही, इंग्रजी घरात वाढलेल्याला लागते.

"प्लीज यूज ओन्ली द ॲक्च्युअल ड्रॉइंग." त्याला हवं आहे सध्याचं, नवं ड्रॉइंग, कारण 'आक्तुएल' म्हणजे चालू. वाचणारा मूळ ड्रॉइंग शोधून काढतो, म्हणजे नेमकं जुनं! "कंट्रोल द बोल्ट्स" म्हणजे बोल्ट तपासा. "सेन्सिबल सेन्सर" म्हणजे समजूतदार सेन्सर नव्हे, संवेदनशील. आणि "प्रिन्सिपली यस" आलं की मी खुर्चीत सावरून बसते. मूळ शब्द असतो 'ग्रुंडझेत्स्लिश'. अमेरिकनाला वाटतं तत्त्वतः मान्य म्हणजे झालंच काम. जर्मनाच्या मनात असतं आपलं "तसं म्हटलं तर हो". त्या "तसं म्हटलं तर"च्या मागे केवढा मोठा "पण" दडलेला असतो, ते लग्नाच्या बैठकीत बसलेल्या कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको.

सगळ्यात भयंकर जोडी म्हणजे "मस्ट नॉट". जर्मन 'मुस निश्ट' म्हणजे गरज नाही, आणि इंग्रजी "मस्ट नॉट" म्हणजे सक्त मनाई. एका यंत्राच्या माहितीपुस्तकाचा कच्चा मसुदा तपासताना मला एक वाक्य दिसलं : "ऑन द लोअर प्लॅटफॉर्म यू मस्ट नॉट वेअर द हार्नेस." मूळ अर्थ, खालच्या मचाणावर सुरक्षापट्टा लावायची गरज नाही. इंग्रजी अर्थ, लावायला बंदी! मराठीत दाखवायचं तर "पट्टा लावायला नको" आणि "पट्टा लावू नका" एवढाच फरक. पण हे छापून गेलं असतं आणि तिथून कुणी पडलं असतं, तर वकिलांनी त्या एका वाक्यावर किती वर्षं काढली असती, कल्पना करा. ते दुरुस्त झालं. त्या दिवशी मला पगार कशाचा मिळतो ते साहेबांना कळलं असावं.

आता आठवड्याची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका गिऱ्हाईकाचं यंत्र बंद पडलं. मंगळवारी तिकडून त्यांना थेट मेल गेली : "वी विल इव्हेंच्युअली सेंड द पार्ट इन एट डेज." गिऱ्हाइकानं वाचलं, आठ दिवसांनी भाग नक्की निघणार. त्यानं बुधवार मोजला, त्यापुढे वाटेचे दोन दिवस धरले, शनिवारी माणसं ओव्हरटाइमवर बोलावली, क्रेन भाड्यानं घेतली. भाग आलाच नाही. तो जर्मनीतून निघालाच नव्हता. सोमवारी फोनवर जे झालं ते ऐकवत नव्हतं. इकडचा म्हणतो, तुम्ही वचन दिलं होतं. तिकडचा म्हणतो, मी वचन दिलंच नव्हतं. दोघंही शंभर टक्के खरं बोलत होते!

जर्मन 'एव्हेंतुएल' म्हणजे कदाचित, जमलं तर. इंग्रजी "इव्हेंच्युअली" म्हणजे आज ना उद्या, पण नक्की. त्यानं लिहिलं होतं, "जमलं तर आठवड्याभरात पाठवू." तिकडचा तो सर्व्हिसमधला गृहस्थ तीस वर्षांचा जुना, शब्दाचा पक्का. कुणी त्याला खोटारडा म्हणालं, हे त्याच्या इतकं मनाला लागलं की त्यानं अमेरिकेचे फोन घेणंच काही दिवस सोडलं. क्रेनच्या भाड्याची भरपाई झाली. ते दुसरं काही भरून यायला बराच वेळ लागला. मी त्याला फोन करून दोन्ही शब्द समजावले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "वीस वर्षं मी हा शब्द लिहितोय."

आणि ते आठ दिवस. जर्मनीत "आठ दिवसांनी" म्हणजे पुढच्या आठवड्यात हाच वार. आजचा दिवस धरून मोजायचं. म्हणजे मंगळवारच्या मेलमधले आठ दिवस मंगळवारीच संपतात, बुधवारी नव्हे. दोन आठवड्यांना मात्र ते सरळ चौदा दिवस म्हणतात, तेव्हा तर्क विचारू नये. मी त्या गृहस्थाला सांगितलं की आमच्या भाषेत तर सात दिवसांच्या वीकचं नावच आठवडा आहे, आठापासून झालेलं. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

घड्याळाचंही तेच. त्यांचं 'हाल्ब फीर', अर्धे चार, म्हणजे साडेतीन. इंग्लंडमधला माणूस "हाफ फोर" म्हणाला तर साडेचार. आमचे दोन पाहुणे एकदा या तासाभराच्या फरकानं नेवार्क विमानतळावर बसून राहिले होते. श्टुटगार्टकडे तर "पाऊण चार" म्हणतात, म्हणजे आपले पावणेचार. तिथल्या पहिल्या हिवाळ्यात बाकीचे परदेशी विद्यार्थी बोटं मोजत असायचे, मी वेळेवर वर्गात. आकडेही तसेच. ते एक-आणि-वीस म्हणतात, आपण एकवीस. सगळं जग उलटं मोजतं आणि आम्ही दोघंच सुलटं, असं मी त्यांना सांगत असते. तो, ती, ते आहेच, तू आणि तुम्ही आहेच. शिवाय कुणाच्या कामातली चूक तोंडावर सांगण्याचा जो थेटपणा अमेरिकन माणसाला झोंबतो, तो सदाशिव पेठेत वाढलेल्या मला घरच्यासारखा वाटतो.

कुणी म्हणेल, आता यंत्रं भाषांतर करतात, कशाला एवढा घोळ? करतात, आणि पुष्कळ चांगलं करतात. सॉसेज, मोहरी, बाक सगळं ओळखतात. पण त्यांच्या हाती जर्मन वाक्य पडलं तर! इथे तर माणूस स्वतःच इंग्रजीत लिहितो. यंत्राला दिसतं नुसतं इंग्रजी, तेही बिनचूक. त्याच्या पोटातलं जर्मन ऐकायला कान लागतो. मी आमच्या कचेरीत दोन पानांची यादी करून लावली आहे. डावीकडे लिहिलेलं, मधे म्हणायचं असलेलं, उजवीकडे अमेरिकनाला पाठवायचं. शिक्षा म्हणून नव्हे, तर शंका आली की फोन उचलायचा, एवढ्यासाठी. जर्मन सहकाऱ्यांनी उलट यादी मागितली, अमेरिकनांची. "इंटरेस्टिंग" म्हणजे नको, हे वाचून ते हादरले.

आमच्या सासूबाई उन्हाळ्यात इथे असतात. शेजारच्या इटालियन आजींशी त्यांची गट्टी आहे. परवा जिन्यात त्यांनी सांगितलं, "आय विल कम आफ्टर एट डेज." त्या आजी बोटं मोजायला लागल्या. माझी तेरा वर्षांची लेक मागून म्हणाली, "शी मीन्स नेक्स्ट वीक, सेम डे." मग मराठीत आजीला, "आजी, इथे सेव्हन म्हणायचं गं." सासूबाई म्हणाल्या, "सात कसे? मंगळवार ते मंगळवार मोज की!" लेकीनं मोजले. आठ झाले.

तुमच्या कचेरीतही अशी साळसूद वाक्यं फिरत असतील, जपानी, कोरियन, फ्रेंच, आणि आपलीही. दोन-चार मंडळाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. पुढच्या अंकात, वेळ मिळाला तर, नट आवळण्याच्या दिशेबद्दल लिहीन. वेळ मिळाला तर म्हणजे 'एव्हेंतुएल'. जर्मन अर्थानं.